गिअरचा मॉड्यूल ओळखताना तीन भागाकारांची तीन उत्तरे का येतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गिअरबॉक्समधला १९ दातांचा पिनियन, म्हणजे जोडीतला लहान गिअर, तुटला आहे आणि तो नवीन करून घ्यायचा आहे. जोडीचा मोठा गिअर ५६ दातांचा असून शाबूत आहे, दात सरळ आहेत. पिनियनचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने ५४.० मिलिमीटर भरला, मोठ्याचा १४५.७५, आणि दोन शाफ्टमधले अंतर ९५. सूत्राने मॉड्यूल, म्हणजे दाताचा आकार सांगणारी संख्या, काढला तर पिनियनवरून २.५७, मोठ्या गिअरवरून २.५१ आणि सेंटर अंतरावरून २.५३ येतो. एकाने तुम्हाला सांगितले की हा डीपी १० आहे (डीपी हे इंचातले माप), म्हणजे मॉड्यूल २.५४. आता कटर कोणता मागवायचा?

उत्तर आधी सांगतो. मॉड्यूल २.५ आहे, प्रेशर अँगल (कटरच्या दाताच्या कडेचा तिरकेपणा) २० अंश आहे, आणि दोन्ही गिअर करेक्शन देऊन, म्हणजे प्रोफाइल शिफ्ट करून कापलेले आहेत. तुमची मापे फारशी चुकलेली नाहीत. ज्या मापांवरून मॉड्यूल काढला, त्या मापांना मॉड्यूल ठरवण्याचा अधिकारच नाही. हे एकदा नीट समजले की पुढे कुठलाही अनोळखी गिअर हातात आला तरी गोंधळ होणार नाही. म्हणून जरा मुळापासून लिहितो.

शिकवताना सुरुवात पिच सर्कलपासून होते. दोन गुळगुळीत चाके एकमेकांवर न घसरता फिरत आहेत असे समजा. त्या काल्पनिक चाकांचा घेर म्हणजे पिच सर्कल. त्याचा व्यास भागिले दातांची संख्या म्हणजे मॉड्यूल. पिच सर्कलच्या वर एक मॉड्यूल उंचीचा अ‍ॅडेंडम, खाली सव्वा मॉड्यूल खोलीचा डिडेंडम, म्हणजे दाताची पूर्ण उंची सव्वादोन मॉड्यूल. जादा पाव मॉड्यूल ही एका गिअरच्या दाताचे टोक आणि दुसऱ्याच्या दाताचा तळ यांच्यातली मोकळी जागा. यावरून बाहेरचा व्यास = मॉड्यूल × (दात + २), आणि सेंटर अंतर = मॉड्यूल × दोन्हींच्या दातांची बेरीज ÷ २. तुम्ही हीच सूत्रे उलटी वापरलीत. साध्या, करेक्शन नसलेल्या गिअरला ती बरोबर लागू पडतात.

अडचण अशी की पिच सर्कल गिअरवर कुठेच नसते. सुटा गिअर हातात घेऊन कितीही न्याहाळला तरी ते सापडणार नाही, कारण ते दोन गिअर एकत्र आल्यावरच अस्तित्वात येते. शाफ्ट थोडे लांब नेले तर तेच दोन गिअर तेच गुणोत्तर राखून फिरतात, पण त्यांची पिच सर्कल मोठी होतात. तुमच्याच जोडीचा हिशेब करा. ९५ चे अंतर १९ आणि ५६ च्या प्रमाणात वाटले तर पिनियनचे चालते पिच सर्कल ४८.१३ मिलिमीटर येते आणि मोठ्याचे १४१.८७. पण २.५ मॉड्यूलने १९ दातांचा व्यास ४७.५ आणि ५६ दातांचा १४० येतो. हा दुसरा, म्हणजे रेफरन्स व्यास, कटरशी नाते सांगतो. पहिला व्यास जोडीशी. साध्या गिअरमध्ये दोन्ही एकच असल्यामुळे हा फरक कोणी सांगत नाही, आणि करेक्टेड गिअर समोर आला की सगळे हिशेब विस्कटतात.

मग गिअरवर खरोखर कोरलेले काय असते? बेस सर्कल. दाताची कड ज्या वक्राने बनते त्याला इन्व्होल्यूट म्हणतात. रिळावर गुंडाळलेला दोरा ताणून धरत उलगडला तर त्याचे टोक हवेत जी रेघ काढते ती इन्व्होल्यूट, आणि ते रीळ म्हणजे बेस सर्कल. अठराव्या शतकात ऑयलरने गिअरच्या दातासाठी हा वक्र सुचवला. आज घड्याळांसारखे अपवाद सोडले तर बहुतेक सगळे यंत्रोद्योग त्यावर चालतात. त्याचे कारण त्याच्या एका गुणात आहे. दोन इन्व्होल्यूट दात एकमेकांना ढकलतात तेव्हा त्यांचा स्पर्शबिंदू नेहमी एकाच सरळ रेषेवर सरकतो. ही रेषा दोन्ही बेस सर्कलना स्पर्श करून जाते, जणू एका रिळावरून सुटलेला दोरा दुसऱ्यावर गुंडाळला जातो आहे. म्हणून वेगाचे गुणोत्तर फक्त दोन बेस सर्कलच्या व्यासांवर ठरते. सेंटर अंतर थोडे कमीजास्त झाले, बेअरिंग जरा झिजले, तरी गुणोत्तर तसूभरही बदलत नाही. गिअरच्या भूमितीतली मला सर्वात सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे, आणि तिच्यामुळेच करेक्शन शक्य होते.

बेस सर्कलचा व्यास = रेफरन्स व्यास × प्रेशर अँगलचा कोसाइन. २० अंशांचा कोसाइन ०.९३९७, साडेचौदा अंशांचा ०.९६८१. एका दाताच्या कडेपासून पुढच्या दाताच्या त्याच बाजूच्या कडेपर्यंत बेस सर्कलवर जे अंतर असते ते बेस पिच, म्हणजे π (पाय) × मॉड्यूल × प्रेशर अँगलचा कोसाइन. दोन गिअर एकमेकांत चालायचे असतील तर ही एकच संख्या दोघांची सारखी लागते. बाहेरचा व्यास किंवा दाताची उंची जुळली नाही तर एक वेळ चालेल, बेस पिच जुळली नाही तर नाही.

बेस पिचचा मोठा फायदा म्हणजे ती साध्या व्हर्नियरने मोजता येते. व्हर्नियरचे जबडे काही दातांवरून घालून बाहेरच्या दोन कडांवर टेकवले की दोराच मोजला जातो. जबडे किंचित वर किंवा खाली टेकले, गिअर थोडा फिरला, तरी माप बदलत नाही. याला स्पॅन मेजरमेंट म्हणतात. सात दातांवरचे माप वजा सहा दातांवरचे माप म्हणजे बरोबर एक बेस पिच. करेक्शन कितीही असो, बाहेरचा व्यास कितीही छाटलेला असो, वजाबाकीत ते सगळे उडून जाते. किती दातांवर मोजायचे याचा ठोकताळा २० अंशांसाठी असा: दातांची संख्या भागिले ९, अधिक अर्धा. ५६ साठी साधारण सात येतात.

मी विचारल्यावर तुम्ही मोठ्या गिअरची रीडिंग पाठवलीत: सात दातांवर ५०.१५ आणि सहा दातांवर ४२.७७. फरक ७.३८. आता उमेदवार तपासू. मॉड्यूल २.५ आणि २० अंश: ७.३८०. मॉड्यूल २.५ आणि साडेचौदा अंश: ७.६०४. डीपी १० आणि २० अंश: ७.४९८. डीपी १० आणि साडेचौदा: ७.७२५. सर्वात जवळच्या दोघांतही जवळजवळ ०.१२ मिलिमीटरचा फरक आहे, आणि तो व्हर्नियरच्या आवाक्यातला आहे. तरी अशी रीडिंग एकाच जागी घेऊन थांबू नये. गिअर फिरवून तीन-चार ठिकाणी घ्यावीत आणि कमी झिजलेला भाग निवडावा. पुष्कळ यंत्रे एकाच दिशेला फिरतात, त्यामुळे दाताची एक कड झिजते आणि दुसरी नव्यासारखी राहते. पण स्पॅनमध्ये दोन्ही कडा येतात. झीज सगळीकडे सारखी असेल तर वजाबाकी तरीही बरोबर येते. एखादाच दात चेपलेला असेल तर तो टाळा.

डीपीचा संशय घेणारा चुकीच्या दिशेने विचार करत नव्हता. डीपी म्हणजे पिच सर्कलच्या व्यासाच्या दर इंचामागे दात किती, २५.४ भागिले डीपी केले की मॉड्यूल मिळतो. दहासाठी २.५४. त्याने सेंटर अंतर ९५.२५ येते, तुमच्या ९५ च्या अगदी शेजारी, म्हणून फसायला होते. पण मग मोठ्या गिअरचा बाहेरचा व्यास १४७.३२ असायला हवा होता. तुमचा दीड मिलिमीटरने कमी आहे. टोकाला झीज जवळजवळ होतच नाही, कारण टोकाखाली मोकळी जागा असते. त्यामुळे बाहेरच्या व्यासात एवढी तूट दिसली की तिला झीज म्हणून सोडून देऊ नये.

एक गोष्ट मात्र तुमच्या मोजण्यातली. १९ दात विषम आहेत. एका दाताच्या अगदी समोर दात नसून खाच येते, म्हणून व्हर्नियर नेहमी खऱ्या व्यासापेक्षा कमी दाखवतो. विषम दातांच्या गिअरमध्ये बोअरच्या, म्हणजे मधल्या भोकाच्या, आतल्या भिंतीपासून दाताच्या टोकापर्यंत मोजा, दुप्पट करा, बोअरचा व्यास मिळवा. तुमचे बोअर २५ आणि भिंत ते टोक १४.५५, म्हणजे बाहेरचा व्यास ५४.१. फरक दशांश मिलिमीटरचा असला तरी करेक्शन काढताना तो लागतो.

आता करेक्शन. गिअर हॉबिंगवर कापला जातो तेव्हा हॉब, म्हणजे तिथला कटर, ही फिरणारी रॅकच (सरळ दातेरी पट्टीच) असते. रॅक म्हणजे अनंत व्यासाचा गिअर, आणि अनंत व्यासाला इन्व्होल्यूट सरळ रेघ होतो. म्हणून हॉबच्या दाताच्या कडा सरळ असतात आणि त्यांचा तिरकेपणा हाच प्रेशर अँगल. मॉड्यूल आणि प्रेशर अँगल हे मुळात कटरचे गुण आहेत. गिअर ते त्याच्याकडून घेतो. तोच हॉब ब्लँकपासून, म्हणजे दात पाडायच्या चकतीपासून, थोडा दूर ठेवून कापले तर बेस सर्कल तेच राहते, पण दात त्याच इन्व्होल्यूटच्या जरा बाहेरच्या भागातून बनतो. तो बुडाशी जाड आणि टोकाशी निमुळता होतो. हॉब किती मॉड्यूल दूर ठेवला ती संख्या म्हणजे करेक्शन, ड्रॉइंगवर एक्स. बाहेरचा व्यास मग मॉड्यूल × (दात + २ + २ × एक्स).

करेक्शन का द्यायचे? पहिले कारण अंडरकट. दात फार कमी असले तर हॉबचे टोक दाताच्या बुडाचा इन्व्होल्यूट पोखरून टाकते. २० अंशांत ही मर्यादा १७ दातांची आहे, साडेचौदा अंशांत ३२ ची. २० अंशांचे चलन वाढण्यामागे हे मोठे कारण आहे. तुमच्या १९ दातांना अंडरकटची भीती नाही, पण दुसरे कारण लागू आहे. पिनियन मोठ्या गिअरपेक्षा जवळजवळ तिप्पट वेळा फिरतो, त्याच्या प्रत्येक दातावर तितके जास्त भार येतात, आणि लहान गिअरचा दात मुळातच बुडाशी बारीक असतो. त्याला जाड करणे शहाणपणाचे. तिसरे कारण सेंटर अंतराचे. २.५ मॉड्यूल आणि ७५ दातांची बेरीज यांनी साधे अंतर ९३.७५ येते. डिझायनरला गिअरबॉक्सच्या घरात (हाउसिंगमध्ये) ९५ हवे होते, तो सव्वा मिलिमीटर त्याने करेक्शनने भरून काढला.

हा अंदाज नाही, हिशेबाने तपासता येतो. ९३.७५ × ०.९३९७ ÷ ९५ केले की चालत्या प्रेशर अँगलचा कोसाइन ०.९२७३ येतो, म्हणजे कोन २१.९८ अंश. इन्व्होल्यूट फंक्शन म्हणजे कोनाचा टॅन्जंट वजा तोच कोन रेडियनमध्ये: २१.९८ साठी ०.०१९९९, २० साठी ०.०१४९०. फरकाला ७५ ने गुणा आणि दोनदा टॅन २० ने, म्हणजे ०.७२८ ने भागा. दोन्ही गिअरच्या करेक्शनची बेरीज ०.५२४ येते.

बाहेरच्या व्यासांवरून पाहू. मोठ्या गिअरचा साधा व्यास १४५ हवा, आहे १४५.७५, फरक भागिले दोन मॉड्यूल म्हणजे ०.१५. पिनियनचा साधा ५२.५ हवा, आहे ५४.१, म्हणजे ०.३२. बेरीज ०.४७. हवी होती ०.५२४. उरलेले ०.०५ कुठे गेले? दोन्ही करेक्शनची बेरीज ०.५२४ मॉड्यूल, पण शाफ्ट प्रत्यक्ष दूर गेले अर्धाच मॉड्यूल. तेवढ्या फरकाने टोके समोरच्या तळाच्या जवळ जातात, म्हणून मोकळी जागा पूर्ववत ठेवायला दोन्ही गिअरची टोके ०.०२४ मॉड्यूलने छाटतात. दोघांचे मिळून ०.०४८. हिशेब बसला. मोठ्याचे करेक्शन ०.१७४, पिनियनचे ०.३५. इतक्या वेगवेगळ्या मापांतून एकच आकडा निघतो तेव्हाच मी ड्रॉइंगवर सही करतो.

स्पॅनवरूनही करेक्शन काढता येते, पण एक इशारा. ५६ दातांच्या साध्या गिअरचे सात दातांवरचे माप ४९.९३ येते. तुमचे ५०.१५, फरक ०.२२. हा फरक दोन × मॉड्यूल × साइन २०, म्हणजे १.७१ ने भागला की ०.१३ येतो, ०.१७४ नाही. कारण दात मुद्दाम थोडे बारीक कापतात, बॅकलॅशसाठी, म्हणजे दातांमधल्या ढिलाईसाठी, आणि वर झीज. इथे त्याची बेरीज स्पॅनमध्ये ०.०८ मिलिमीटर आहे. म्हणून करेक्शनची बेरीज सेंटर अंतरावरून घ्यावी, वाटणी बाहेरच्या व्यासांवरून, आणि स्पॅनने फक्त बॅकलॅश समजून घ्यावा. सेंटर अंतर मात्र झिजलेल्या बेअरिंगमध्ये हलणाऱ्या शाफ्टवर मोजू नका, घराच्या बोअरवर मोजा. तिथे दशांश मिलिमीटर चुकला तर करेक्शन ०.०४ पेक्षा जास्त चुकते.

आता तुम्ही करेक्शन न देता २.५ मॉड्यूलचा साधा पिनियन कापून घेतला असता तर? तो बसला असता, फिरलाही असता. पण नेहमीच्या ढिलाईवर आणखी ०.६ मिलिमीटर ढिलाई आली असती. दिशा बदलताना किंवा भार अचानक येताना प्रत्येक वेळी ठोका, आणि दात बुडाशी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त बारीक. रेफरन्स सर्कलवर साध्या दाताची जाडी ३.९३ असते, तुमच्या पिनियनची ४.५६. डीपी १० चा हॉब लावला असता तर दर दाताला ०.१२ चा फरक पडून एक दात सुटायच्या आत दुसरा आदळला असता.

यावरून पुढची सूचना. हा पिनियन मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड लावून डिस्क कटरने कापू देऊ नका. त्या कटरचा आकार साध्या, करेक्शन नसलेल्या दाताचा असतो, आणि तोही दातांच्या एका पट्ट्यासाठी मिळून एक; १७ ते २० दातांना एकच कटर असतो आणि त्याचा आकार त्यातल्या सर्वात कमी दातांना बरोबर असतो. (मॉड्यूलच्या संचात या कटरचा क्रमांक ३ असतो, डीपीच्या संचात ६, दोन्ही संचांचे क्रमांक उलटे चालतात, मागवताना लक्ष द्या.) खोली कमीजास्त करून करेक्शन साधेल असे कोणी म्हणाले तर ऐकू नका, जाडी जुळेल, पण कडेचा वक्र चुकेल. हॉबिंग किंवा शेपिंगवरच करून घ्या.

ड्रॉइंगवर हे लिहा: दात १९, मॉड्यूल २.५, प्रेशर अँगल २०, करेक्शन अधिक ०.३५, बाहेरचा व्यास ५४.१, तळाचा व्यास ४३.०, सेंटर अंतर ९५, जोडीचा गिअर ५६ दात. तीन दातांवरचे स्पॅन माप बॅकलॅशशिवाय १९.७१ येते, मोठ्या गिअरचे दात आधीच ०.०८ ने बारीक आहेत, म्हणून १९.६४ ते १९.६८ ठेवा, एकूण ढिलाई ०.११ ते ०.१५ राहील. स्पॅनचे माप ड्रॉइंगवर असणे फार महत्त्वाचे आहे, कारण मशीनवर उभ्या कारागिराला तपासता येईल असे तेच माप आहे. रेफरन्स व्यासाला मायक्रोमीटर लावता येत नाही.

कॉन्टॅक्ट रेशो, म्हणजे एका वेळी सरासरी दातांच्या किती जोड्या भिडलेल्या असतात ते, मी काढून पाहिला, सुमारे १.५ येतो. म्हणजे अर्ध्या वेळेला दोन जोड्या भार उचलतात आणि उरलेल्या वेळेला एक. सरळ दातांच्या गिअरला हे चांगले आहे. १९ आणि ५६ मध्ये सामाईक विभाजक नाही हेही जुन्या डिझायनरने विचारपूर्वक केले आहे. पिनियनचा एकच दात मोठ्याच्या त्याच दाताला पिनियनचे ५६ फेरे झाल्यावर पुन्हा भेटतो, त्यामुळे झीज सर्वांत वाटली जाते. दातांची संख्या 'सोयीसाठी' बदलायचा मोह कोणाला झाला तर हे सांगा.

पुढे कधी तिरक्या दातांचा गिअर आला तर हीच पद्धत चालते, फक्त स्पॅन दातांना काटकोनात मोजायचा आणि येणारी बेस पिच नॉर्मल मॉड्यूलची समजायची. तिथे रेफरन्स व्यास दात × मॉड्यूल ÷ हेलिक्स अँगलचा (दाताच्या तिरकेपणाच्या कोनाचा) कोसाइन असतो, त्यामुळे बाहेरच्या व्यासाचा साधा भागाकार तिथे करेक्शन नसतानाही चुकतो.

पिनियन का तुटला हेही आता पाहा. तुटलेल्या जागी दाताच्या रुंदीच्या एकाच टोकाला भार आल्याच्या खुणा असतील तर शाफ्ट समांतर नाहीत, आणि नवा पिनियन कितीही अचूक असला तरी तसाच तुटेल. बसवल्यावर दातांना मार्किंग ब्लू (ठसा दाखवणारा निळा रंग) लावून हाताने फिरवा; ठसा रुंदीच्या मधोमध आणि दाताच्या उंचीच्या मध्यावर यायला हवा. मग मोठा गिअर धरून ठेवा, पिनियनच्या दाताला डायल गेज लावून ढिलाई मोजा, आणि हे मोजणे गिअर फिरवत चार जागी करा. चारही रीडिंग एकमेकांच्या जवळ असतील तरच तेल भरा.